अंगणवाडी आणि पहिलीच्या मधली भिंत

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. पण घरात तीन ते आठ वर्षांचं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

यंदा आपल्याकडच्या शाळा उघडल्या त्या दिवशी उमरेड तालुक्यातल्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. प्रवेशोत्सवाची बातमी दरवर्षीचीच. बैलबंडीतून मुलांची मिरवणूक, हातात गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं, सरपंचांसोबत फोटो. फोटो काढून निघणार तेवढ्यात पहिलीच्या वर्गातून एक पोरगा उठला अन् गुपचूप बाहेर चालू लागला. त्याच आवारात, कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडं अंगणवाडी आहे. पोरगा तिकडं गेला आणि सेविकाताईंचा पदर धरून उभा राहिला. गुरुजी न्यायला आले तर पदर सोडेना. ताई म्हणाल्या, "सर, आजच्या दिवस राहू द्या न जी. तीन वर्षं माह्याच जवळ होता. आपल्याले ते भिंत छोटी दिसते, त्याले नाही."

गुरुजी चांगले आहेत. त्यांनी ओढून नेलं नाही. पण त्यांचीही अडचण खरी होती. पटावर नाव चढलं होतं, हजेरी ऑनलाइन भरायची होती. ताईंच्या रजिस्टरमधून तो पोरगा कमी झाला होता आणि गुरुजींच्या रजिस्टरमध्ये आला होता. ताईंचं रजिस्टर महिला व बालविकास विभागाचं, गुरुजींचं शालेय शिक्षण विभागाचं. आवार एक, गाव एक, पोरगा एक, खाती दोन.

घरी येताना गाडीवर एकच विचार डोक्यात होता. ही भिंत बांधली कोणी आणि कधी? कारण महाराष्ट्रात ज्यांनी अंगणवाडी हा शब्द जन्माला घातला त्यांच्या डोक्यात ही भिंत नव्हतीच. त्याचा इतिहास थोडा शोधला, थोडा आधी वाचलेला होता. तो इथं मांडतो.

सुरुवात उमरेडपासूनच करतो.

१८९२ साली उमरेडला एका महार कुटुंबात जाईबाई चौधरी जन्मल्या. दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. लहानपणीच लग्न झालं, आणि त्यानंतर त्या नागपूर-कामठी अशी डोक्यावरून ओझी वाहण्याची हमाली करत. मिशनच्या एका ननने त्यांना मदत केली, शिक्षण झालं आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली आणि नोकरी गेली. जाईबाईंनी त्यावर रडत बसण्याऐवजी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली.

बालशिक्षणाच्या गोष्टीत मी जाईबाईंना का आणतोय? कारण आज आपण "मूल शाळेसाठी तयार आहे का?" हा प्रश्न फार सहज विचारतो. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एका हमाल बाईने तो प्रश्न उलटा विचारला होता. शाळा मुलासाठी तयार आहे का? तिला उत्तर "नाही" असं मिळालं, म्हणून तिने दुसरी शाळा काढली.

त्याच वर्षी, म्हणजे १८९२ सालीच, मुंबईत ताराबाई केळकर जन्मल्या. घरात प्रार्थना समाजाचं वातावरण. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न अमरावतीच्या वकील मोडकांशी झालं आणि ताराबाई मोडक म्हणून त्या आपल्या वऱ्हाडात नांदायला आल्या. हा भाग आपल्याकडं फारसं कोणी सांगत नाही. संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. तिथून १९२३ साली भावनगरला, गिजुभाई बधेकांकडं गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या काळजीतून ते मारिया माँटेसोरी यांच्या पुस्तकांकडं वळले आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणायचे. आता एक लक्षात ठेवा. माँटेसोरी बाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली सुरू झालं ते रोम शहराच्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत. आईबाप कामावर जायचे, मुलं जिन्यावर उनाडायची, त्या मुलांसाठी. आज आपल्या रिंग रोडच्या फ्लेक्सवर 'माँटेसोरी' लिहिलेलं असतं आणि खाली फीचा आकडा विचारायची हिंमत होत नाही. गरिबाच्या लेकरासाठी निघालेली गोष्ट श्रीमंताची कशी होते, त्याचं हे एक उदाहरण.

ताराबाईंना हीच गोष्ट खुपली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका गुजरातीत निघायची, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही आणली. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. ते चाललं, नावाजलं गेलं. पण दादरच्या शिशुविहारात येणारी मुलं शिकल्यासवरल्या घरची. देश तर खेड्यात. माँटेसोरीची लाकडी साधनं महाग. ती खेड्यात कोण विकत घेणार?

या प्रश्नावर त्या काळात दोन ठिकाणी काम सुरू झालं. एक आपल्या शेजारी, सेवाग्रामला. दुसरं समुद्रकाठी, बोर्डीला. गंमत म्हणजे दोन्हीकडं १९४५ हेच साल महत्त्वाचं आहे.

सेवाग्रामची गोष्ट आधी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम म्हणजे बुनियादी शिक्षण आलं. हाताने काम करत शिकायचं, मातृभाषेत शिकायचं, सात वर्षं शिकायचं. ही योजना सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी होती. म्हणजे सातच्या आतलं मूल त्या पहिल्या आराखड्यात नव्हतंच. पण काम करता करता लक्षात आलं की सातव्या वर्षी शाळेत येणारं मूल कोरी पाटी नसतं. चालायला, बोलायला, भांडायला, घाबरायला ते आधीच शिकलेलं असतं. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली आणि नई तालीमचा अर्थ जन्मापासून मरणापर्यंतचं शिक्षण असा रुंद करण्यात आला. सातच्या आतल्या मुलांसाठी 'पूर्व-बुनियादी' हा वेगळा टप्पा आला. सेवाग्रामच्या पूर्व-बुनियादी शाळेचं काम शांता नारुलकर यांनी केलं. त्यात मुलाचं शरीर, स्वच्छता, जेवण, घरातली छोटी कामं, गाणी, गोष्टी, सोबत राहणं हाच अभ्यासक्रम होता. आणि त्या शिक्षणात आईलाही धरलेलं होतं, कारण मूल दिवसाचा मोठा भाग तिच्याजवळ असतं.

आज 'सर्वांगीण विकास' हा शब्द प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतो. त्याचा साधा अर्थ नागपूरपासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवला गेला होता.

आता बोर्डी. १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या (आताचा पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंच्या हाताखाली आल्या त्या कायमच्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली मुलं आली, पण हरिजनवाड्यातली येईनात. बोलावलं तरी येईनात. कारण उघड होतं; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांची लेकरं एका बोलावण्यावर आत कशी येतील? मग या बायकांनी काय केलं? बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलं जिथं होती तिथं. आधी आंघोळ, नखं, केस. मग गाणी, खेळ, गोष्ट. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदावर जो शब्द आहे तो असा, अंगणात जन्मला.

आणि साधनं? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू, माती. माँटेसोरीच्या लाकडी मण्यांचं काम समुद्रकाठच्या शिंपल्यांनी केलं. लहान-मोठं लावणं, मोजणं, ओवणं, खरखरीत-गुळगुळीत ओळखणं. एक पैसा न लागता.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला आपल्यासाठी सर्वात मोलाचा भाग इथं आहे.

कोसबाडला असं दिसलं की सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं आहे. मुलगा येत नाही, कारण गुरं चारायला जायचं असतं. आपल्याकडच्या भाषेत हे 'शाळाबाह्य' मूल. आपण काय करतो? सर्वेक्षण करतो. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर काढलं. कडेवरचं बाळ पाळण्यात, त्याच्या वरचं बालवाडीत, आणि मोठी ताई प्राथमिक शाळेत, सगळे एकाच ठिकाणी. याचं नाव विकासवाडी. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा.

विकासवाडीत एक गोष्ट आपोआप घडत होती, तिच्यावर थोडा विचार करा. पाळणाघरातलं मूल बालवाडीत जायचं तेव्हा त्याला ती जागा, ती माणसं, ती गाणी ओळखीची असायची. बालवाडीतून पहिलीत जायचं तेव्हाही तसंच. पहिलीच्या शिक्षकाला माहीत असायचं की हे पोर बोलत नाही पण ऐकतं सगळं, त्या पोरीला माणसांची भीती आहे, हा डाव्या हाताने लिहितो. मधे भिंत नव्हती. मूल एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडं हस्तांतरित होत नव्हतं, फक्त मोठं होत होतं.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ऑगस्ट १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई पुढे १९९२ पर्यंत काम करत राहिल्या. १९८२ साली रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली, ती आजही आहे.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात ३३ प्रकल्प. महाराष्ट्रातले पहिले दोन कुठले? एक मुंबईची धारावी. दुसरा धारणी, मेळघाट, जिल्हा अमरावती. ज्या अमरावतीतून पन्नासेक वर्षांपूर्वी एक बाई लेकीला घेऊन बाहेर पडली होती, त्याच जिल्ह्यात तिचा शब्द सरकारी योजना होऊन परत आला. ते पाहायला ती नव्हती.

योजना मोठी होती आणि तिने लाखो लेकरं जगवली, हे नाकारायचं कारण नाही. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. अशा सहा सेवा. मेळघाटात बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्या मी स्वतः केल्यात. तिथं आधी पोट, मग पाटी, हे बरोबरच आहे. पण हळूहळू सहापैकी एकच सेवा लोकांच्या डोळ्यांत राहिली. अंगणवाडी म्हणजे खिचडी. अंगणवाडी ताई म्हणजे खिचडीवाली बाई. शिक्षण ही तिची सहावी कामगिरी झाली, आणि वजनकाटा, रजिस्टर, सर्वे, पोलिओ, निवडणूक यातून वेळ उरला तर करायची.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी आई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. सुरुवातीला मानधन तीन आकडी. पगार नव्हे, मानधन. हा शब्दही इतिहासच आहे. पगार कामाचा असतो, मानधन उपकाराचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा आई निवृत्त होऊन बसली होती. तिने पेपर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे मी कामच करत होती म्हणा की."

आईच्या अंगणवाडीत मीही खेळलोय. चिंचोके, सीताफळाच्या बिया, तुऱ्हाट्या, पळसाची पानं. पानांचे द्रोण करायचे, बियांच्या रांगा लावायच्या. कोणी आई येऊन म्हणायची, "बाई, माह्या पोराले अ-आ काऊन नाही शिकवत?" तर आई तिला कणीक मळायला सांगायची, म्हणायची, "आधी बोटात जोर येऊ दे, मग पेन्सिल." तेव्हा मला वाटायचं आई कामचुकारपणा करते. खूप वर्षांनी अनुताईंचं लिखाण वाचलं तेव्हा कळलं की आईला प्रशिक्षणात हे कोणीतरी सांगितलं होतं, आणि ज्याने सांगितलं त्याला कोसबादहून... म्हणजे कोसबाडहून आलेलं असणार. माती मळली, मणी ओवले की बोटं लिहायला तयार होतात. बिया वेगळ्या केल्या की संख्या डोक्यात बसते. गोष्ट ऐकली की वाचायचं काय असतं ते कळतं. घसरगुंडीवर पाळी येईपर्यंत थांबलं की वर्गात बसता येतं. हे सगळं शिक्षणच आहे, फक्त वहीत दिसत नाही.

आता भिंतीकडं येतो. खात्यांची भिंत १९७५ पासून होती. पण खरी भिंत संविधानाच्या पानावर उभी राहिली.

१९५० च्या मूळ संविधानात कलम ४५ होतं. राज्याने दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. शब्द नीट वाचा. 'चौदा वर्षांपर्यंत' असं होतं. 'सहाव्या वर्षापासून' असं कुठंच नव्हतं. म्हणजे तीन वर्षांचं लेकरूही त्यात होतं. दहा वर्षं १९६० ला संपली, काम झालं नाही. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. मग २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. कलम २१-अ आलं, शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण वय लिहिलं सहा ते चौदा. सहाच्या आतल्या मुलांना नव्या कलम ४५ मध्ये ठेवलं, राज्य 'प्रयत्न करील' या सदरात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ तर म्हणतं की तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल'.

करील आणि करू शकेल. शब्द वाढला 'शकेल' हा एकच, पण देशातल्या सगळ्या लहान लेकरांचा हक्क त्यात अडकला.

हक्क नसला की तिथं बाजार येतो. आपल्या नागपुरात तो 'कॉन्व्हेंट' नावाने आला. बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं नर्सरी, केजी वन, केजी टू असलेल्या कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग तिथं नन असो की नसो. महालात, मानेवाड्यात, उमरेडच्या गल्लीतसुद्धा. मजुराला परवडेल ते कॉन्व्हेंट आणि डॉक्टरला शोभेल ते कॉन्व्हेंट, सगळे प्रकार आहेत. ज्याची ऐपत आहे तो तिकडं, ज्याची नाही तो अंगणवाडीत. आणि मग दोघं पहिलीत भेटतात. एकाला ए-टू-झेड अन् शंभरपर्यंत आकडे पाठ, दुसऱ्याला पन्नास झाडं ओळखता येतात पण पेन्सिल धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात एक हुशार ठरतो आणि एक ढ. खरं म्हणजे दोघांचंही नुकसान झालेलं असतं. एकाला खेळ मिळाला नाही, दुसऱ्याला तयारी.

इथं माझी चूक कबूल करतो. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत नेलं. शाळेचं नाव घेणार नाही, कारण चूक माझीही तेवढीच होती. त्याला एका खोलीत एकट्याला नेलं, रंग विचारले, आकार विचारले. तो बोललाच नाही. बाहेर आला तेव्हा चड्डी ओली होती. मॅडम मला म्हणाल्या, "ही इज नॉट रेडी." मी, अंगणवाडी सेविकेचा मुलगा, पत्रकार, त्याच्यावर गाडीत ओरडलो. घरी आलो तर आई म्हणाली, "तीस वर्षं मी गावाले सांगत राह्यली का लेकराले खेळू द्या. अन् माह्याच पोराने माह्या नातवाले परीक्षेले बसवलं."

अशी परीक्षा घेऊ नये हे तेव्हाही नवीन नव्हतं. १९९३ साली यशपाल समितीने 'ओझ्याविना शिक्षण' या अहवालात नर्सरी प्रवेशाच्या मुलाखती-चाचण्या बंद करा असं सांगितलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने शाळाप्रवेशासाठी मूल किंवा पालकांची चाळणी घ्यायला बंदी घातली. कागद होता. मी पत्रकार असून तो वापरला नाही, रांगेत उभा राहिलो. पोराला पुढच्या वर्षी घराजवळच्या साध्या शाळेत घातलं, तो आता चांगला शिकतोय. पण त्या दिवशीची ओली चड्डी मला आजही आठवते. त्याला आठवत नसावी, अशी आशा आहे.

आता शेवटचा टप्पा. २९ जुलै २०२० ला नवं शैक्षणिक धोरण आलं. त्याच्या बाकी गोष्टींवर वाद आहेत आणि ते असावेत. पण एक गोष्ट त्यात बरोबर आहे. त्याने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. बालवाडीची तीन वर्षं, पहिली आणि दुसरी, मिळून पाच. खेळातून, गोष्टीतून, मातृभाषेतून शिकायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडाही आला. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. गावागावात टेबलं मांडतात. शारीरिक विकास, बौद्धिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, सामाजिक-भावनिक विकास. मूल दोरीवरून चालतं, चित्र पाहून बोलतं, वस्तूंचे गट करतं. मातांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं देतात. मी असे मेळावे पाहिलेत. जिथं गुरुजी आणि ताई मनापासून करतात तिथं आया हरखून जातात, कारण आपलं लेकरू किती गोष्टी करू शकतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. जिथं फोटोपुरतं होतं तिथं अर्ध्या तासात टेबलं उचलतात. दोन्ही पाहिलं.

पण धोरणाने टप्पा एक केला, खाती दोनच राहिली. पायाभूत टप्प्याची तीन वर्षं सांभाळणारी बाई मानधनावर आणि उरलेली दोन वर्षं सांभाळणारे गुरुजी वेतनश्रेणीवर. २०२३ च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी संपावरच्या अंगणवाडी ताई आपल्या नागपुरात आल्या होत्या. तो संप ५२ दिवस चालला. मी कव्हर करत होतो. एक ताई म्हणाल्या, "पाया आमच्याकडून भरून घेतात दादा, अन् कळसाचा पगार दुसऱ्याले." धोरण त्यांनी वाचलं नव्हतं, पण पायाभूत टप्प्याचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

मग आपण काय करायचं? सरकार खाती एक करेल तेव्हा करेल. कोसबाडला जे झालं ते खात्यांनी केलं नव्हतं, दोन बायकांनी केलं होतं. गावपातळीवर आज होऊ शकतील अशा चार गोष्टी सांगतो.

एक. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पहिलीच्या गुरुजींनी आठवड्यातून एकदा अंगणवाडीत जाऊन गोष्ट सांगावी. मुलांना चेहरा ओळखीचा होतो.

दोन. शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस अंगणवाडी ताईंनी रोज अर्धा तास पहिलीत येऊन बसावं. गाणी तीच घ्यावीत जी मुलांना येतात.

तीन. ताईंनी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून गुरुजींना द्याव्यात. वजन-उंची नव्हे. काय आवडतं, कशाला घाबरतं, घरी कोणती बोली बोलतात. रामटेक-पारशिवनीकडं घरी गोंडी बोलणारं लेकरू असेल तर पहिल्या दिवशी त्याच्या कानावर एक तरी ओळखीचा शब्द पडू द्या.

चार. हे आपल्यासाठी, पालकांसाठी. पाच वर्षांच्या पोराची वही मागण्याआधी त्याला विचारा, आज कोणासोबत खेळला? उत्तर देता आलं तर समजा शिक्षण चालू आहे.

जाता जाता त्या गावाचं सांगतो. पंधरा दिवसांनी मुद्दाम पुन्हा गेलो. गुरुजींनी वरून आदेश नसताना एक गोष्ट केली होती. रोज सकाळी परिपाठानंतर पहिलीची मुलं अन् अंगणवाडीची मुलं वीस मिनिटं एकत्र, कडुलिंबाखाली. गाणी ताई घेतात, गोष्ट गुरुजी सांगतात. मग ज्याची त्याची खोली. मी विचारलं, तो पळून जाणारा पोरगा? गुरुजी हसले. तो अंगणवाडीतल्या लहान्यांना रांगेत बसवत होता, "मी पहिलीत आहो" असं सांगत.

भिंत तिथंच आहे. तिच्यावर पोरं बसली होती.

तुमच्या गावात, वस्तीत काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. अंगणवाडी ताई किंवा पहिलीचे शिक्षक हे वाचत असतील तर त्यांनी नक्की लिहा. तुमच्याकडं असं काही चांगलं चालू असेल तर मी येतो, बातमी करू. आणि माझं काही चुकलं असेल तर हक्काने सांगा.